एक साफ डाख

फाल्गुन लागला की शाळेच्या प्रयोगशाळेच्या खिडक्या मी सताड उघड्या ठेवते. मुलं कुरकुरतात. मॅडम, धूळ येते, कागद उडतात. मी त्यांना सांगते की राळेचा धूर नाकातोंडात जायला नको. ते खरंही आहे. डाख देताना, म्हणजे सोल्डरिंग करताना, कथलाच्या तारेतली राळ जळते आणि तिचा निळसर धूर नेमका वाकून बघणाऱ्याच्या तोंडावर येतो. पण हा धूर आमच्याकडे बाराही महिने असतो. श्रावणात त्याचं काही वाटत नाही, दिवाळीच्या आधीही नाही. उन्हं कडक व्हायला लागली, रस्त्यात हातगाड्यांवर द्राक्षांचे ढीग दिसायला लागले, वार्षिक परीक्षेचं वेळापत्रक लागलं की मात्र तो वास घशात उतरतो आणि तिथंच बसून राहतो. मग दिवसभर मला कुणीतरी हाक मारतंय आणि आपण ती ऐकत नाही आहोत असं वाटत राहतं.

सात वर्षं झाली. पण तो हंगाम माझ्या आत संपलेला नाही.

मी नाशिकरोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. त्या वर्षी गॅदरिंग आटोपल्यावर मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं आणि आठवीच्या मुलांचा इलेक्ट्रॉनिक्सचा छंदवर्ग माझ्या गळ्यात घातला. लहान लहान बोर्ड, दिवे, रेझिस्टर, ट्रान्झिस्टर असं सगळं खोक्यातून आलं. पदवीला मी पदार्थविज्ञान घेतलं होतं, पण सोल्डरिंग आयर्न कधी हातात धरलं नव्हतं. वर्गाआधी आपण एक बोर्ड करून बघावा म्हणून ते सामान घरी आणलं. दोन तास खपले. बोर्डावर करड्या रंगाचे गोळे जमले, एका ठिकाणी तांब्याची पट्टीच उखडून आली, बोट भाजलं आणि दिवा काही लागला नाही. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "उगाच कशाला जाळत बसलीस? समोरच्या युसूफभाईंना विचार की. त्यांचा जन्म त्यात गेला."

आम्ही जुन्या नाशकात राहतो, आई आणि मी. आमचा बोळ इतका अरुंद की समोरच्या घराची खिडकी आणि आमच्या स्वयंपाकघराची खिडकी यांत सहा-सात फुटांचं अंतर. त्यांच्याकडे फोडणी पडली की आमच्याकडे ठसका लागायचा. समोर युसूफचाचा आणि हमीदाचाची राहायचे. चाचा ओझरच्या विमानांच्या कारखान्यात तीस वर्षं वायरिंगच्या कामावर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातच एक टेबल मांडलं होतं, त्यावर जुने रेडिओ उघडून ठेवलेले असत. कुणासाठी म्हणून नाही, स्वतःच्या आनंदासाठी. त्यांची मुलगी शमीम लग्न होऊन मालेगावला. चाचीला दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला होता, आणि डोळे. लहानपणी शाळेतून आले की जिच्या आवाजानं मला कळायचं, आज समोर शेवया केल्यात, ती चाची आता पलंगावर पडून नुसती बघत असायची.

मी माझा जळका बोर्ड घेऊन गेले. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळ्याला भिंग लावलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ये तूने किया या किसी दुश्मन ने?"

मी हसले. पलंगावर चाचीचा डावा गालही हलला.

"बस," चाचा म्हणाले. "तू काय करतेस, कथील वितळवतेस आणि वरून टाकतेस. चिकटवायचा नाही गं, बेटा. आधी खालचं तांबं गरम कर, मग तार गरम कर. दोन्ही गरम झाली की कथील आपणहून वाहत येतं. त्याला बोलवावं लागत नाही."

त्यांनी ओल्या स्पंजावर आयर्नचं टोक पुसलं, चर्र आवाज झाला. टोक जोडावर टेकवलं, मनात एक-दोन-तीन मोजल्यासारखं थांबले, कथलाची तार दुसऱ्या बाजूनं लावली. एका क्षणात ते पाण्यासारखं पसरलं, तारेभोवती चढलं आणि थांबलं. आधी तार बाजूला, मग आयर्न. हात जागच्या जागी.

"आता हलायचं नाही. फुंकरही मारायची नाही. घाई झाली की माणूस फुंकर मारतो. वरून थंड होतं आणि आत फट राहते. त्याला आम्ही ड्राय सोल्डर म्हणतो. दिसायला धरलेलं, आतून सुटलेलं. आज चालेल, उद्या चालेल, आणि ज्या दिवशी पाहिजे त्या दिवशी नाही चालणार." मग त्यांनी पलंगाकडे मान केली. "साफ जोड कसा दिसतो सांगू? ती बघ चाचीची चमकी. लहान, चकचकीत, जागेवर बसलेली. एवढा दिसला पाहिजे."

चाचीनं डाव्या हातानं नाकातल्या चमकीला बोट लावलं. लाजली की काय, कोण जाणे.

पौष-माघातला तो महिना मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जात होते. थंडी अजून सरली नव्हती. टेबलावरच्या दिव्याखाली आम्ही दोघं वाकलेलो, मागं चाचीचा श्वास. आधी नुसत्या तारा तारांना जोडल्या, मग जुन्या बोर्डावर जोड दिले, काढले, पुन्हा दिले. माझ्या तोंडून एकदा "चालेल" असं निघालं तर चाचांनी आयर्नच स्टँडवर ठेवलं. म्हणाले, "आमच्याकडे हा शब्द नव्हता. वर माणसं बसतात, बेटा. खाली उतरून जोड बघता येत नाही." ते रागावून बोलले नव्हते. पण मी तो शब्द त्यांच्यासमोर पुन्हा काढला नाही.

बेलची कल्पना त्यांचीच. चाचा दुपारच्या नमाजाला जात, कधी औषधं आणायला जात, तेवढा वेळ चाची एकटी असायची. हाक मारता येत नाही. ते म्हणाले, "एक घंटी करू. बटण हिच्या हातात, वाजेल तुमच्या स्वयंपाकघरात. आणि तूच कर. मी फक्त बघणार."

चाचीच्या बोटांत जोर नव्हता, बटण धरून ठेवणं तिला जमलं नसतं. म्हणून एकदा हलकेच दाबलं की मिनिटभर वाजत राहील असं सर्किट चाचांनी कागदावर काढून दिलं. बोर्ड मी केला. चार संध्याकाळी लागल्या. चाचांनी प्रत्येक जोड भिंगाखाली बघितला, दोन पुन्हा करायला लावले आणि शेवटी म्हणाले, "साफ."

पुढचं मला सावकाश सांगायला पाहिजे.

बेल बसवायच्या दिवशी रविवार होता. बटणाची वायर समोरच्या पलंगापासून खिडकीतून, बोळावरून, आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीपर्यंत आणायची होती. आणली तर ती हातभर कमी पडली. चाचा समोर खिडकीत उभे. मी म्हटलं, थांबा, माझ्याकडे दुसरी लांब वायर आहे. ती जुनी होती, तिचं तांबं काळवंडलेलं. आधी ते पात्यानं खरवडून घासून घ्यायचं, त्यावर कथलाचा पातळ हात द्यायचा, हे मला ठाऊक होतं. पण आईनं जेवायला पानं घेतली होती, आयर्न नुकतंच लावलं होतं, ते पुरतं तापलंही नव्हतं. मी बोर्डातून बाहेर येणारी आखूड वायर काढली आणि तिच्या जागी ही लांब वायर टेकवली. कथील नीट वाहिलं नाही, गोळा झाला. वायर हातात जराशी हलली. मी त्यावर फुंकर मारली. खोका बंद केला, स्क्रू आवळले.

चाचीनं बटण दाबलं. बेल वाजली. आई पोळी लाटता लाटता दचकली आणि आम्ही सगळे हसलो.

चाचांनी समोरून विचारलं, "जोड साफ आहे ना गं?"

"हो, चाचा!"

ते वळून आत गेले. मला आठवतं, तेव्हा मी हातातली पक्कड खाली ठेवली होती आणि मनात म्हटलं होतं, उद्या शाळेतून आले की उघडून नीट करू. तो उद्या राहून गेला. बेल रोज वाजत होती, मग उघडायची कशाला?

त्यानंतरचे पाच आठवडे बेलनं आमच्या दोन्ही घरांत नवा जीव आणला. चाची पाणी हवं म्हणून बोलवायची, पंखा बंद कर म्हणून बोलवायची. एकदा मी धावत गेले तर खिडकीच्या गजावर बुलबुल बसला होता, तो तिला मला दाखवायचा होता. एकदा फक्त माझी नवी साडी बघायची होती. दोन वर्षं जिला कुणाला हाक मारता आली नव्हती, तिच्या हातात आता हाक आली होती, आणि ती ती खर्च करत होती. आई म्हणायची, "करू दे गं. किती दिवसांनी बोलतेय बाई."

मी मात्र परीक्षेच्या कामात बुडाले होते. रंगपंचमीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी पेपर तपासत बसले असताना बेल दोनदा वाजली. पहिल्यांदा उशी सरळ करायची होती. दुसऱ्यांदा गेले तर काहीच नव्हतं. चाची माझ्याकडे बघून डाव्या गालानं हसली. मी म्हटलं, "चाची, असं उगाचच नाही बोलवायचं हं. मला काम असतं. काही लागलं तरच दाबायचं."

आवाज फार चढला नव्हता माझा. पण तिचं हसू विझलं ते मी बघितलं. तिनं बटण चादरीखाली सरकवलं. मी घरी आले आणि पुढचा पेपर ओढला.

ज्यांनी नाशकातली रंगपंचमी बघितली नाही त्यांना त्या दुपारची कल्पना यायची नाही. आमच्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमीचं महत्त्व मोठं. जुन्या गावात ठिकठिकाणी रहाडी आहेत. रहाड म्हणजे जमिनीतला दगडी हौद. वर्षभर तो मातीखाली बुजलेला असतो, रस्ता वरून जातो. रंगपंचमीला तो उकरून काढतात, फुलांचा रंग कालवून भरतात आणि माणसं त्यात उड्या मारतात. दुपारपासून गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. ढोल, ताशे, भिंती हादरवणारे स्पीकर. फळीवरची भांडी आपोआप किणकिणतात.

आई सकाळीच पंचवटीत मावशीकडे गेली होती. मी एकटी बाहेरच्या खोलीत पेपर तपासत होते. एकच्या सुमाराला चाचांनी खिडकीतून आवाज दिला, "वंदनाबेटा, नमाज पढून, गोळ्या घेऊन अर्ध्या तासात येतो. हिच्याकडे लक्ष असू दे."

"या तुम्ही, मी आहे."

अर्ध्या तासानं ते आले नाहीत. गर्दीत रस्ता बंद झाला होता, ते पलीकडच्या चौकात अडकून पडले होते. त्यांना यायला तीन वाजले. त्या दोन तासांत बेल वाजली नाही. मला तेव्हा बरंच वाटलं होतं. चाचीनं माझं ऐकलं, असं वाटलं होतं.

मग चाचांची हाक आली. ती कशी होती ते मी लिहिणार नाही.

चाची गेली होती. अंग अजून कोमट होतं. डावा हात छातीवर, मुठीत बटण. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका. लवकर कळलं असतं तर? डॉक्टरांनी खांदे उडवले. सांगता येत नाही म्हणाले. मी भिंतीला टेकून उभी होते. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नकोस. एवढा गोंगाट चाललाय. तुला ऐकू कसं येणार?"

त्यांच्या हाताला बाहेरचा गुलाबी रंग लागला होता. तो माझ्या केसांत दोन दिवस राहिला.

दफन झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना मी फळीवरून तो खोका काढला. स्क्रू सोडवले. बोर्डातून निघणाऱ्या वायरीची बटणाकडची दोन टोकं मी तारेच्या तुकड्यानं जोडून बघितली. बेल वाजली नाही. बोर्डावर नखानं टिचकी मारली. वाजली. मिनिटभरानं थांबली. पुन्हा टोकं जोडली तर वाजली नाही, टिचकी मारली तर वाजली. भिंग डोळ्याला लावलं तर त्या काळवंडलेल्या वायरीभोवती केसाएवढं एक कडं दिसलं. गोळा वायरीवर नुसता बसला होता, तिला धरून नव्हता. पाच आठवडे तो कसाबसा टेकून राहिला असणार. मग ऊन वाढलं, त्या दिवशी स्पीकरनं फळी हादरत राहिली, आणि तो सुटला.

की मी खोका फळीवरून काढला, स्क्रू सोडवले, तेव्हाच सुटला? हा प्रश्न मी सात वर्षं स्वतःला विचारतेय. कधी तो मला थोडा वेळ झोपू देतो.

मी आयर्न लावलं. या वेळी ते पुरतं तापू दिलं. जुनं कथील शोषून काढलं, वायर पात्यानं घासून लाल केली, तिला कथलाचा हात दिला, टोक टेकवलं, थांबले. कथील वाहत आलं. मी श्वास रोखून हात स्थिर ठेवला. असा जोड मी आजवर दुसरा दिला नाही. लहान, चकचकीत, उतरता. माझ्या हातून ते का झालं, मला नीट सांगता येत नाही. मला वाटत होतं, मी दुरुस्त करतेय. चूक दिसली की दुरुस्त करायची, एवढंच हातांना कळत होतं. तो जोड थंड झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की चूक होती याचा एकमेव पुरावा मी पुसून टाकलाय.

दहाव्या दिवशी चाचा आले. दाढी वाढलेली. आईनं चहा ठेवला. ते म्हणाले, "बेटा, ती बेल जरा बघू दे."

ते समोर गेले, बटण दाबलं. बेल वाजली. पुन्हा दाबलं. वाजली. पंधरा-वीस वेळा त्यांनी दाबलं असेल, दर वेळी वाजली. मग ते परत आले, खोका उघडला, खिडकीजवळ उजेडात गेले आणि भिंग लावलं. मी चहाचा कप हातात धरून उभी. त्या बोर्डावरचे बाकीचे जोड दीड महिन्याचे होते, स्वयंपाकघराच्या वाफेनं आणि धुळीनं मंद झालेले. एक जोड आरशासारखा. तीस वर्षं जोड बघण्यात घालवलेल्या माणसाला तो दिसला नसेल असं मी म्हणू शकत नाही. दिसला असेल असंही शपथेवर सांगू शकत नाही, कारण त्यांचे डोळे रडून सुजले होते.

फार वेळ बघितलं त्यांनी. मग खोका बंद केला, चारही स्क्रू एकेक करून बसवले आणि म्हणाले, "साफ आहे."

मी त्यांना काही सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत शमीम येऊन त्यांना मालेगावला घेऊन गेली. जाताना त्यांनी आयर्न, स्टँड, भिंग सगळं मला दिलं. टेम्पोत बसताना म्हणाले, "मुलांना घाई करू देऊ नकोस."

त्यानंतर मी कितीतरी मुलांना डाख द्यायला शिकवलं. कुणी म्हणतं, मॅडम, वाजतंय की, मग पुन्हा कशाला करायचं? मी म्हणते, कर. मुलं मला खडूस म्हणतात, ते मला माहीत आहे. वर्ग सुटल्यावर मी एकटी बसून त्यांचे बोर्ड भिंगाखाली बघते. कधीतरी एखाद्या जोडाभोवती ते केसाएवढं कडं दिसतं आणि तो बोर्ड मी पुन्हा करायला बाजूला काढून ठेवते.

दोन वर्षांपूर्वी फाल्गुनातच एका रविवारी मी मालेगावला गेले. ठरवून गेले होते. एसटीत पूर्ण वाट मी वाक्यं जुळवत होते. शमीमच्या घरी पोचले तर आजूबाजूच्या घरांतून यंत्रमागांची खटखट चाललेली, बोलणंही मोठ्यानं करावं लागत होतं. चाचा थकले होते. हात इतका थरथरायचा की शमीम त्यांना बशीतून चहा पाजत होती. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. शाळेची चौकशी केली, आईची केली. शमीम आत गेली तेव्हा मी म्हटलं, "चाचा, मला एक सांगायचंय. त्या बेलबद्दल."

त्यांनी थरथरता हात उचलून मला थांबवलं.

"आधी माझं ऐक," ते म्हणाले. "लोक विचारतात, शेवटी एकटीच होती का? मी म्हणतो हो, पण झोपेत गेली. तिच्या हातात बटण होतं. बेल चांगली होती, मी स्वतः तपासली. तिला त्रास झाला असता तर तिनं दाबली असती, तू धावत आली असतीस. दाबली नाही, म्हणजे तिला कळलंसुद्धा नाही. मुठीत बटण घेऊन ती रोजच झोपायची." ते दम घ्यायला थांबले. "तेवढ्यावर मी जगतोय, बेटा. नाहीतर चौकात अडकून पडलेला तो वेळ मला जगू देणार नाही."

मग ते माझ्याकडे बघत राहिले. "हां, तू काय सांगत होतीस?"

मागांची खटखट चालू होती. मी म्हटलं, "काही नाही. बेल अजून जपून ठेवलीय, एवढंच."

"ठेव," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

परतीच्या एसटीत मला कळत होतं की आता हे मला कधीच सांगता येणार नाही. मी सांगितलं असतं तर माझं ओझं हलकं झालं असतं आणि त्यांची चाची तिथं पलंगावर पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिली असती. ती आता फक्त माझ्याकडे दाबते. आणि तिनं खरंच दाबलं नसेल तर? तर आदल्या संध्याकाळी माझ्या बोलण्यानं चादरीखाली गेलेला तो हात मला दिसतो. तिला कळत होतं, त्रास होत होता आणि तरी तिनं दाबलं नाही, कारण मला काम होतं. दोन वाटा आहेत, आणि दोन्ही माझ्या दारात येतात. आईला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "वंदे, अगं तिसरंही आहे ना. त्या गोंगाटात बेल वाजली असेल आणि तुला ऐकू आली नसेल. चाचाही तेच म्हणाले होते." मला तेवढाच एक आधार होता. त्या तिसऱ्या वाटेवर दोष कुणाचाच नव्हता.

गेल्या पावसाळ्याअखेर चाचा गेले. शमीमचा फोन आला. झोपेतच गेले म्हणाली.

यंदाच्या रंगपंचमीला दुपारी दोन वाजता मी आईला म्हटलं, समोर जाऊन बेल दाबून बघ. समोरच्या घरात आता एक तरुण नवरा-बायको भाड्यानं राहतात. ते रंग खेळायला बाहेर पडण्याआधी मी त्यांच्याकडून किल्ली मागून घेतली होती. बोळावरची वायर अजून तशीच आहे, समोरच्या घरात ती भिंतीच्या रंगाखाली दडलीय. बटण मी आदल्या दिवशीच त्या टोकाला जोडून ठेवलं होतं. खोका स्वयंपाकघरातल्या त्याच फळीवर. आईनं फार विचारलं नाही. चप्पल घालून गेली.

मी बाहेरच्या खोलीत पेपरांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसले. बाहेर तोच कल्लोळ होता, किंबहुना जास्तच. स्पीकरनं खिडकीची तावदानं थरथरत होती, ढोल छातीत वाजत होता. मी लाल पेन उघडलं. मनापासून एक उत्तर वाचायला लागले, कारण त्या दिवशीही मी मनापासूनच वाचत होते.

बेल वाजली.

ढोलाच्या वरून, माणसांच्या आरड्याओरड्याच्या वरून, सुईसारखी, बारीक आणि धारदार. ती ऐकू न येण्याची शक्यताच नव्हती. मिनिटभर ती वाजत राहिली आणि मी मिनिटभर जागेवर बसून ऐकली. थांबल्यावर उठून स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले.

समोरच्या खिडकीत आई गज धरून उभी होती. तिनं हात कानाशी नेऊन खुणेनं विचारलं, ऐकू आली का?

"आली," मी म्हटलं.

माझा आवाज तिच्यापर्यंत पोचला नाही. तिनं पुन्हा कानाशी हात नेला. खालून रंगलेल्या पोरापोरींचा लोंढा चालला होता. मी दोन्ही हातांनी खिडकीचे गज घट्ट धरले, आणि सगळ्या बोळाला जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले.

"आली, आई! ऐकू आली!"